प्रतिसाद: पाण्याच्या बाटल्या पुन्हा वापरणं

मूळ पोस्टमध्ये म्हटलंय की पाण्याच्या प्लास्टिक बाटलीतलं बीपीए (काही प्लास्टिक बनवताना लागणारं एक रसायन) पाण्यात उतरतं, म्हणून ती एकदा वापरून फेकावी. पण तळाला त्रिकोणात १ आकडा असलेली बाटली पेट प्लास्टिकची असते, ती बनवताना बीपीए लागत नाही. ते असतं पॉलीकार्बोनेटमध्ये, म्हणजे जुन्या टणक वीस लिटरच्या जारमध्ये. तरी महिनोन् महिने तीच बाटली नकोच. अरुंद तोंडातून ब्रश जात नाही आणि आत बोटाला बुळबुळीत लागतो तो जंतूंचा थर.

मला मोठा धोका वेगळा वाटतो. आमच्याकडे परभणीकडं तणनाशक अर्धा-पाऊण लिटर उसनं न्यायचं तर हमखास कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीतून नेतात. दोन वर्षांखाली आमच्या शेतातल्या आखाड्यावर अशीच एक बाटली पाण्याच्या घागरीशेजारी ठेवलेली होती. सालगड्याच्या सहा वर्षांच्या पोरानं झाकण उघडून तोंडाला लावलीच होती, वासानं थबकला आणि आईनं हिसकावली. बाटली सरबताची, रंगही सरबतासारखाच. लेकराला काय कळणार? औषध मूळ डब्यातच राहू द्या हो. कुणी रिकामी बाटली घेऊन मागायला आलं तर सरळ नाही म्हणा, वाईट वाटलं तरी चालेल.