मे महिन्याची सुरुवात निवांत वाचनाने आणि आवडत्या मालिकांनी करायची आहे. दिवस कसा आखावा?

प्रश्न : धरमपेठेतील वाचक

नमस्कार. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मला रजा मिळाली आहे आणि मुले आजोळी गेल्यामुळे घरात सासूबाई आणि मी अशा दोघीच आहोत. एरवी नवा महिना उजाडतो तो किराणा, वीजबिल आणि शाळेची फी यांच्या हिशेबातच. या वेळी मात्र शांतपणे वाचत आणि आवडत्या मालिका पाहत त्याचे स्वागत करावे, असे मनापासून वाटते. नागपूरच्या उन्हात सकाळी अकरानंतर बाहेर पडणे शक्य नसल्यामुळे वेळ भरपूर आहे. अडचण एवढीच, की मालिकेचा एक भाग पाहायला बसले की पुढचा आपोआप सुरू होतो आणि उशाशी ठेवलेले पुस्तक तसेच राहते. सासूबाईंना बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून त्यांनाही सामील होता येईल असे काही सुचवावे, ही विनंती.

उत्तर : महाल भागातील निवृत्त शिक्षक

ताई, आपल्याकडे मे महिन्यात दिवसाची वाटणी ऊनच करून देते. पहाटेपासून आठपर्यंतचा वेळ गच्चीवर वाचायला उत्तम. दुपारी कूलरच्या घरघरीत मालिकेतील संवाद नीट ऐकू येत नाहीत आणि आवाज वाढवत नेला की घरातील शांतता संपते, म्हणून दुपारही पुस्तकालाच द्यावी. पुस्तक मात्र कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. दमट हवेने पाने फुगतात.

पुस्तक म्हणाल तर मारुती चितमपल्ली यांचे ‘चकवाचांदण’ घ्या. मूळचे सोलापूरचे हे वनाधिकारी नवेगाव, नागझिरा आणि मेळघाटात वर्षानुवर्षे राहिले, त्यामुळे त्यांच्या आत्मचरित्रात आपल्या शेजारचेच जंगल आहे. ग्रंथ मोठा आहे; तो आठवड्यात संपवण्याचा आग्रह धरू नये.

उत्तर : प्रतापनगर

गुरुजींची दुपारची सूचना मला पटते, पण सासूबाईंसाठी मी नाटक सुचवीन. नाटक मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिल्यासारखे असते आणि एका दुपारी ते वाचून होते. आपल्या नागपूरच्या महेश एलकुंचवार यांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तिन्ही नाटके क्रमाने तीन दुपारी वाचावीत. धरणगावच्या देशपांडे घराण्याची ही कथा आहे. तात्याजींच्या मृत्यूनंतर मुंबईचा मुलगा सुधीर पत्नीसह गावी येतो, तेव्हा वाड्यापुढे बंद पडलेला ट्रॅक्टर उभा असतो आणि आत दागिन्यांवरून, जमिनीवरून, कर्तव्यावरून साचलेले सारे हळूहळू बाहेर पडू लागते. वऱ्हाडी वळणाचे ते बोलणे कानावर पडले, की ज्यांनी असे वाडे पाहिले आहेत त्या वडीलधाऱ्या व्यक्ती मध्येच थांबवून स्वतःच्या आठवणी सांगू लागतात. त्यांना अवश्य सांगू द्यावे. त्या दिवशी चार पाने कमी झाली तरी चालेल. आमच्या घरी आईने नाटकातील वहिनीचे संवाद वाचायला घेतले आणि मग पुस्तक खाली ठेवायलाच ती तयार होईना. या नाटकांत विनोद थोडा आणि दुःख पुष्कळ आहे, हे मात्र आधी सांगून ठेवते.

उत्तर : अजनी

मालिका पाहणे हे वाचनापेक्षा कमी दर्जाचे आहे, असे मी मानत नाही. प्रश्न केवळ तिच्या गतीचा आहे. पूर्वी दूरदर्शनवर आठवड्याला एकच भाग लागत असे आणि त्यावर सात दिवस बोलणे होई. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही 1988 मधील मालिका 53 भागांची आहे. रोज एक भाग पाहिला तरी मे महिन्यात ती संपणार नाही. पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात लिहिलेल्या ग्रंथावर ती आधारलेली आहे. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पाहता येतो, म्हणून शिवाजी महाराजांच्या भागांपासून सुरुवात केली तरी हरकत नाही. त्यांत महाराजांची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली आहे.

ऊन कलल्यावर, सासूबाईंना सोबत घेऊन, एकच भाग पाहावा. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी बंद करावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. सासूबाईंना नाटकांची कल्पना फार आवडली असून दादी आणि आई या दोन्ही भूमिका त्यांनी आजच मागून घेतल्या आहेत. पहाटे चितमपल्ली, दुपारी नाटक आणि संध्याकाळी एक भाग, असे ठरवत आहे. तिन्ही नाटकांची मोठ्या अक्षरातील प्रत कोणी पाहिली असल्यास कृपया कळवावे. तोवर मी झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात चौकशी करते.