मदत हवी आहे: नातीला आमच्या टॅक्स रिटर्नमध्ये डिपेंडंट (अवलंबित) दाखवता येईल का?

एडिसनकर_आजोबा
आम्ही उभयता न्यू जर्सीत राहतो आणि दरवर्षी संयुक्त रिटर्न भरतो. आमची आठ वर्षांची नात आमच्याकडे राहते. तिचे खाणेपिणे, कपडालत्ता, शाळेनंतरची देखरेख, डॉक्टरची बिले हे सारे आम्हीच पाहतो. तिला डिपेंडंट दाखवून २०२५ चे रिटर्न ई-फाईल केले, तर ते दुसऱ्याच दिवशी नामंजूर होऊन परत आले. सॉफ्टवेअरच्या मदतकक्षातील माणूस पडद्यावरचा संदेशच पुन्हा वाचून दाखवतो. रिटर्नच्या मुदतीचा १५ एप्रिल तोंडावर आलेला आहे. आजोबांना नात दाखवता येते की नाही, एवढेच कृपया सांगावे. आयकराचा इतिहास नको.

हिशेबनीस
येते. मुलगा-मुलगी, सावत्र अपत्य, भावंडे आणि त्यांची मुले यांच्याप्रमाणे नातवंडेही ‘क्वालिफाइंग चाइल्ड’च्या (डिपेंडंट म्हणून पात्र मुलाच्या) नात्यात बसतात. मात्र आपण अर्धीच हकीकत सांगितली आहे. नात वर्षातील निम्म्याहून अधिक काळ आपल्या घरी होती का? तिचे आईवडील कोठे असतात? आणि नामंजुरीच्या संदेशात नेमके कोणते कारण दिले आहे?

ह्यूस्टनची_मावशी
आजोबा, निश्चिंत असा. आम्ही आमच्या नातवाला सलग काही वर्षे दाखवत होतो आणि कधीही पत्र आले नाही. सरकार फक्त एवढेच पाहते की मुलाचा खर्च कोण करतो. किराणा, कपडे, औषधे यांच्या पावत्या जपून ठेवा म्हणजे झाले.

हिशेबनीस
मावशी, हा समज सर्वत्र आहे, पण तो चुकीचा आहे. या प्रकारात खर्चाची कसोटी एवढीच असते की मुलाने स्वतःच्या पोषणाचा निम्म्याहून अधिक खर्च स्वतः केलेला नसावा, आणि आठ वर्षांची मुलगी तो करत नाही हे उघड आहे. पैसे आजोबांनी दिले की आईने, याला येथे महत्त्व नाही. आपण नातवाला दाखवत होता तेव्हा आपली लेक काय करत होती?

ह्यूस्टनची_मावशी
ती कॉलेजात शिकत होती आणि आमच्याच घरी राहत होती. तिला उत्पन्न असे नव्हतेच.

हिशेबनीस
म्हणूनच आपले निभावले. चोवीस वर्षांखालील पूर्णवेळ विद्यार्थिनी आईवडिलांची डिपेंडंट ठरू शकते आणि जी स्वतः डिपेंडंट ठरू शकते तिला दुसऱ्या कोणाला डिपेंडंट दाखवता येत नाही. एडिसनकरांची परिस्थिती तशी आहे की नाही, हे त्यांनी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

कोथरूडकर
वास्तविक भारतात मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यानुसार कलम ८०सी खाली शिक्षणशुल्काची वजावट स्वतःच्या दोन मुलांपुरतीच मिळत असे, नातवंडांसाठी मिळत नसे. कलम ८०डी खालच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यातही स्वतः, जोडीदार, अवलंबून असलेली मुले आणि आईवडील एवढेच येत. नवी करप्रणाली निवडली असेल तर दोन्ही वजावटी जात. त्यामुळे आजोबांनी जुनी प्रणाली निवडूनही नातीपुरता लाभ झाला नसता.

रारिटनकाठ
कोथरूडकर, माहिती बिनचूक आहे, पण आजोबा न्यू जर्सीत रिटर्न भरत आहेत.

एडिसनकर_आजोबा
विचारलेच आहे तर सांगतो. मुलगी बत्तीस वर्षांची आहे. घटस्फोटानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ती नातीला घेऊन आमच्याकडे आली आणि तेव्हापासून दोघी येथेच आहेत. ती एका दवाखान्यात अर्धवेळ काम करते. वर्षाचे साधारण २४,००० डॉलर मिळतात. आम्हा दोघांचे उत्पन्न तिच्या कितीतरी पट आहे. तिने अजून रिटर्न भरलेले नाही. संदेशात म्हटले आहे की नातीचा सोशल सिक्युरिटी नंबर दुसऱ्या एका रिटर्नमध्ये आधीच वापरला गेला आहे. आता तरी उत्तर मिळेल का?

हिशेबनीस
आता मिळेल. नातीच्या बाबतीत पहिला हक्क आईचा आहे. आईला हक्क असताना तिने तो घेतला नाही, तरच आजीआजोबांना तो घेता येतो, आणि तेव्हाही त्यांचे अ‍ॅडजस्टेड ग्रॉस इन्कम (ठरावीक वजावटींनंतरचे एकूण उत्पन्न) आईपेक्षा जास्त असावे लागते. आपले जास्त आहे, म्हणजे मुलीची संमती असल्यास आपण नातीला दाखवू शकता. पण माझे स्पष्ट मत आहे की दाखवू नका. आपल्याला चाइल्ड टॅक्स क्रेडिटचे, म्हणजे मुलामागे करात मिळणाऱ्या सवलतीचे, २,२०० डॉलर मिळतील आणि गोष्ट तेथेच संपेल. तेच मुलीने दाखवले तर तिच्या २४,००० मधून १५,७५० चे स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) जाऊन ८,२५० उरतात आणि त्यांवर कर होतो ८२५. चाइल्ड टॅक्स क्रेडिटने तो कर मिटून उरलेले १,३७५ तिला परतावा म्हणून मिळतात. त्याखेरीज अर्न्ड इन्कम क्रेडिट, म्हणजे कमी कमावणाऱ्यांना मिळणारी सवलत, आहे. एका मुलासाठी २०२५ चा कमाल आकडा ४,३२८ आहे आणि तिच्या उत्पन्नाला त्यापेक्षा थोडेसेच कमी मिळेल. शिवाय न्यू जर्सी राज्य त्या संघीय रकमेच्या ४० टक्के स्वतःच्या बाजूने देते. घर एकच असेल तर पैसा जास्त कोठे येतो हे पाहावे.

ह्यूस्टनची_मावशी
मग चाइल्ड टॅक्स क्रेडिट आजोबांनी घ्यावे आणि दुसरे मुलीने घ्यावे. दोघांचेही भले होईल.

हिशेबनीस
आई आणि आजोबा यांच्यात अशी वाटणी करता येत नाही. मूल ज्याने दाखवले त्यालाच सारे लाभ. आणि मुलीने ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ (घर चालवणारी एकटी व्यक्ती) हा दर्जाही लावू नये, कारण घराचा निम्म्याहून अधिक खर्च ती करत नाही. तिने ‘सिंगल’च लिहावे. वरचा हिशेब मी तसाच मांडला आहे.

पहिले_वर्ष_डॅलस
मध्येच विचारतो. माझे आईवडील पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांना डिपेंडंट दाखवता येईल का?

रारिटनकाठ
बहुधा नाही. त्यांना आधी करापुरते रहिवासी ठरावे लागेल. आपण स्वतंत्र धागा काढावा, तेथे सविस्तर लिहीन. येथे मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही: मुलीने रिटर्न भरले नाही, तर तो नंबर वापरला कोणी? एडिसनकर, नातीचे वडील?

एडिसनकर_आजोबा
तेच असणार. ते ओहायोत असतात. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात असे वाक्य आहे की एकाआड एक वर्षी मुलीला डिपेंडंट दाखवण्याचा हक्क वडिलांचा राहील, आणि २०२५ हे त्यांचे वर्ष आहे. म्हणजे सगळेच संपले का?

रारिटनकाठ
मुळीच नाही. न्यायालयाचे वाक्य पतिपत्नींना बांधते, आयआरएसला (अमेरिकेच्या करखात्याला) नाही. २००८ नंतरच्या हुकूमनाम्याचे पान जोडून काम होत नाही. ज्या पालकाकडे मूल राहते त्याने फॉर्म ८३३२ वर सही करून हक्क सोडलेला असावा लागतो आणि तो फॉर्म दुसऱ्या पालकाच्या रिटर्नला जोडावा लागतो. मुलीने अशी सही केली आहे का, हे तिला आजच विचारा. केली असेल तर चाइल्ड टॅक्स क्रेडिट वडिलांकडे जाते, अर्न्ड इन्कम क्रेडिट मात्र तरीही जात नाही. सही न करता हुकूमनामा मोडल्याबद्दल माजी जावई न्यायालयात जाऊ शकतात, हेही तिच्या वकिलाला विचारून घ्यावे.

आणि येथे मावशींच्या पावत्या उपयोगी पडतात. फॉर्म ८३३२ चा नियम लागू होण्यासाठी मुलाच्या पोषणाचा निम्म्याहून अधिक खर्च आईवडिलांनी मिळून केलेला असावा लागतो. आईची कमाई आणि वडिलांची पोटगी धरूनही आजीआजोबांचा वाटा, घराच्या भाड्याच्या बाजारमूल्यासह, निम्म्याच्या वर जात असेल, तर सही असूनही तो नियम लागू होत नाही.

ह्यूस्टनची_मावशी
पावत्या ठेवा असे मी आधीच लिहिले होते.

हिशेबनीस
कारण वेगळे होते, मावशी. पण ठेवाव्यात हे खरे.

एडिसनकर_आजोबा
मुलीला विचारले. कराच्या कोणत्याही फॉर्मवर तिने सही केलेली नाही. वकिलाशी ती उद्या बोलणार आहे. मी माझे रिटर्न नातीविना पुन्हा भरतो. पण तिने भरले तर तेही तसेच परत येणार ना?

रारिटनकाठ
तिने आयआरएसच्या संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडून आयडेंटिटी प्रोटेक्शन पिन (करदात्याची ओळख पटवणारा गुप्त क्रमांक) घ्यावा. २०२४ च्या रिटर्नपासून अशी सोय झाली आहे की मुख्य करदात्याने हा पिन घातला, तर मूल आधीच दुसरीकडे दाखवलेले असले तरी ई-फाईल स्वीकारले जाते. खाते उघडताना ओळख पटली नाही तर कागदी रिटर्न टपालाने पाठवावे. उशीर होत असेल तर फॉर्म ४८६८ भरून मुदत वाढवून घ्यावी. पुढे काही महिन्यांनी दोन्ही पालकांना सीपी८७ए नावाचे, एकच मूल दोन रिटर्नमध्ये दाखवल्याचे कळवणारे पत्र येऊ शकते. आपला दावा बरोबर असेल तर त्याला उत्तर द्यावे लागत नाही, पण पुढे तपासणी निघाली तर राहण्याचा पुरावा लागतो. शाळेच्या नोंदीचा पत्ता, डॉक्टरकडील कागद आणि डे-केअरचे पत्र आताच मागवून ठेवा, कारण जूनमध्ये शाळा बंद झाल्यावर कार्यालयात उत्तर देणारे कोणी भेटत नाही.