आईच्या पित्तनलिकेत खडा: ईआरसीपी करावी की एकदम ऑपरेशन?

कृष्णाकाठ:
मंडळी, तातडीने सल्ला हवाय. आई ६४ वर्षांची, मधुमेह आटोक्यात. गणपतीत पोटात जोरात कळ आली आणि डोळे पिवळे झाले. एमआरसीपीत (पित्तमार्गाचा एमआरआय) पित्ताशयात बारीक खडे आणि मुख्य पित्तनलिकेत ९ मिमीचा एक खडा दिसला. पोटविकारतज्ज्ञ म्हणतात, आधी ईआरसीपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, नळीतला खडा काढू, पित्ताशय नंतर. सर्जन म्हणतात, दोन्ही एकाच भुलीत दुर्बिणीने उरकू. आम्ही सांगलीत असतो, पुण्याला न्यायचीही तयारी आहे.

पारिजातक:
थंडी वाजून ताप येतोय का? येत असेल तर धाग्यावर वाट बघू नका, आजच ॲडमिट करा. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला की ते आधी मोकळं करावं लागतं, आणि तिथे ईआरसीपीच पहिली.

ताप नसेल तर दोन्ही मार्ग चांगले, अनुभवी हातांत निकाल जवळपास सारखेच. ईआरसीपीत दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात, नलिकेचं तोंड जरासं कापतात आणि फुग्याने किंवा जाळीने खडा ओढून काढतात. ९ मिमीचा सहसा निघतो, १५ मिमीच्या पुढे कठीण जातं. खरी काळजी स्वादुपिंडाला सूज येण्याची. साधारण १०० पैकी ३ ते १० जणांना येते, बहुतेकांना सौम्य, पण काहींना फार जड जाते. ती टाळायला डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथॅसिनची सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची गोळी) देतात. देणार का, हे जरूर विचारा. किडनीचा त्रास असेल तर तो आधी सांगा.

एकाच ऑपरेशनमध्ये नलिकेचं तोंड शाबूत राहतं, दुसऱ्यांदा भूल नको. पण नलिका उघडून आत बारीक दुर्बीण घालणं आणि पुन्हा शिवणं सगळ्याच सर्जनना सवयीचं नसतं. पित्त गळू शकतं, कधी टी-ट्यूब (पित्त बाहेर काढणारी नळी) ठेवावी लागते. अरुंद नलिकेत तर हे टाळतातच. आईंची नलिका किती रुंद आहे?

कृष्णाकाठ:
ताप नाही. नलिका ११ मिमी. ॲस्पिरिन चालू आहे.

माणदेशी:
ॲस्पिरिनचं दोघांनाही सांगा, मनाने बंद करू नका. माझ्या सासूबाईंची ईआरसीपी झाली, खडा निघाला, पण पित्ताशय ‘पुढे बघू’ म्हणून राहिलं आणि दिवाळीत पुन्हा तीच कळ. ईआरसीपी केलीत तर पित्ताशयाची तारीख तेव्हाच घ्या, शक्यतो त्याच ॲडमिशनमध्ये किंवा दोन आठवड्यांच्या आत. नलिका उघडी राहावी म्हणून प्लॅस्टिकचा स्टेंट (बारीक नळी) टाकला तर तो कधी काढायचा हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. साधारण तीन महिन्यांच्या वर ठेवत नाहीत, तुंबतो.

पारिजातक:
११ मिमी म्हणजे सर्जनचा मार्गही खुला आहे. त्यांना सरळ विचारा, नलिका उघडायची शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का? उत्तर गुळमुळीत आलं तर माझं मत ईआरसीपीला, आणि लगोलग पित्ताशय.

कृष्णाकाठ:
उद्या सकाळी दोघांनाही भेटतोय. सपोझिटरी, स्टेंट, ॲस्पिरिन, तारीख, सगळं लिहून घेतलंय. काय ठरतंय ते इथेच कळवतो.