लक्ष्यावर माहितीपट काढायचा तर त्यात त्याची घुसमट दाखवायची का?

मागची_रांग:
कॉलिन हँक्सने जॉन कँडीवर काढलेला 2025 चा माहितीपट परवा बघितला. 'होम अलोन'मधला पोल्का बँडवाला जाडा माणूस म्हटलं तर पटकन आठवेल. 1994 ला गेला, वय अवघं 43. वडील तो अगदी लहान असताना हार्ट अटॅकने गेलेले आणि ती धास्ती उरात घेऊन हा माणूस जगाला हसवत राहिला. बघताना पूर्ण वेळ मला आपला लक्ष्या दिसत होता. लक्ष्मीकांत बेर्डे, 16 डिसेंबर 2004 ला किडनीच्या आजाराने गेला, पन्नाशीत.

आपल्याकडे दरवर्षी त्याच्या पुण्यतिथीला काय होतं? त्याच चार क्लिपा, मागे हळवं म्युझिक आणि "आजही हसवतो" असं म्हणून मोकळे. मला वाटतं त्याच्यावर माहितीपट काढायचा तर सुरुवातच 'एक होता विदूषक'पासून करावी. 1992 चा सिनेमा, पु.लं.ची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तमाशाच्या फडातून सिनेमात आणि तिथून राजकारणात ओढला गेलेला आबुराव त्याने असा केलाय की हा तोच माणूस का असा प्रश्न पडतो. सिनेमाला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण थेटरात माणूस फिरकला नाही. पुढच्याच वर्षी 'झपाटलेला' आला आणि तुफान चालला. म्हणजे आपणच त्याला सांगितलं ना, की बाबा तू आमचा लक्ष्याच राहा, दुसरं काही करू नकोस. ही घुसमट दाखवायची नसेल तर माहितीपट काढूच नये असं माझं स्पष्ट मत.

पार्वतीची_मैत्रीण:
अजिबात पटलं नाही. हसवणाऱ्याच्या मागे मोठ्ठं दुःख असतं हा आता फॉर्म्युला झालाय, कुठल्याही विनोदी नटावरचं काहीही बघा, अर्ध्या तासाने अंधार होतो आणि कुणीतरी भरल्या गळ्याने "आतून एकटा होता" म्हणतं. माझे बाबा शेवटचे दोन महिने अंथरुणाला खिळून होते, बोलणं जवळपास बंद, तेव्हा मोबाईलवर 'बनवाबनवी' लावला की पार्वती झालेला लक्ष्या साडी सावरत आला रे आला की त्यांचे खांदे हलायचे. आवाज नाही निघायचा, फक्त खांदे हलायचे. ते मला खोटं ठरवायचं नाहीये. तो घुसमटला होता हे तुम्ही कशावरून ठरवलं? एक सिनेमा पडला म्हणून?

मागची_रांग:
ताई, बाबांचं वाचून गलबललं. त्याला खोटं कोण म्हणतंय? पण नावंच बघा ना. 'धूमधडाका'त लक्ष्या वाकडे, 'दे दणादण'मध्ये लक्ष्या टांगमोडे, 'झपाटलेला'त लक्ष्या बोळके. आडनावं बदलत गेली, माणूस तोच. आणि हिंदीत गेला तर 'मैंने प्यार किया' काय, 'हम आपके हैं कौन' काय, कायम घरातला नोकरचाकर. एवढा मोठा नट आणि वाट्याला ट्रे धरून उभं राहणं.

कोल्हापुरी_जाळ:
हिंदीचं बरोबर बोललास भावा, ते बघून आजबी जीव तुटतोय. पण मराठीतल्या लक्ष्याला बिचारा करू नका. तालुक्याला थेटरात त्याची एन्ट्री झाली की शिट्ट्यांनी पुढचे दोन डायलॉग ऐकू यायचे नाहीत. गर्दी अशीच येत नसती, त्याने कमावलेली होती ती.

विंगेतला_पोऱ्या:
मी बरीच वर्षं नाटकांच्या दौऱ्यांवर बॅकस्टेज केलंय म्हणून लिहितो, थोडं मोठं होईल. तुम्ही दोघं भांडताय हसू की दुःख यावर, आणि त्यात त्याचं काम राहूनच जातंय. मराठी साहित्य संघात नोकरी करत पडेल ते काम करणारा गिरगावातला मुलगा, लहानपणी घराला हातभार म्हणून लॉटरीची तिकिटं विकलेली, 1983 ला पुरुषोत्तम बेर्डेंच्या 'टूरटूर'मधून एकदम डोळ्यात भरतो. त्या आधीची वर्षं गेली कुठे? ती वर्षं बघायचीत मला. लाफ्टर म्हणजे प्रेक्षकांचा हशा कसा घ्यायचा, कुठे थांबायचं, समोरच्याचं वाक्य न खाता अ‍ॅडिशन (पदरचं वाक्य) कुठे टाकायची, हे कुणी शिकवत नाही, प्रयोगामागून प्रयोग करत अंगात मुरतं.

'झपाटलेला' परत बघा. समोर रामदास पाध्येंचा बाहुला आहे, आपण घाबरतो कुणामुळे? लक्ष्याच्या चेहऱ्यामुळे. बाहुल्याला खरं करायचं अर्धं काम त्याने केलंय. आणि 'बनवाबनवी'त तो बाई झालाय असं मला कधीच वाटत नाही, पकडले जाऊ या भीतीने गर्भगळीत झालेला पुरुष साडीत अडकलाय, तो ती भीती शेवटपर्यंत सोडत नाही. सचिनची सुधा ठसक्यात चालते, हा सतत पदराशी झटापट करतोय. दोघांची चाल शेजारी शेजारी ठेवून दाखवा एकदा, पाच मिनिटं त्याच्यावरच द्या. आबुरावही त्याच हातचा आहे, वेगळा माणूस नाही तो. तेच थांबणं, फक्त तिथे लाफ्टर घेत नाही, सोडून देतो.

पार्वतीची_मैत्रीण:
हे असलं असेल तर मी पहिल्या दिवशी बघेन. पण आजारपण, घर, बायकामुलं यात कॅमेरा घुसवू नका एवढं माझं म्हणणं कायम आहे. आणि आवाज एआयने तयार करून त्याच्या तोंडी काही घालू नका. तो जे बोलून गेलाय तेवढंच त्याचं.

मागची_रांग:
आवाजाबद्दल शंभर टक्के. घराबद्दलही मान्य, त्यांना वाटेल तेवढंच त्यांनी सांगावं. 'लाफ्टर सोडून देतो' हे वाचून काल रात्री विदूषक पुन्हा लावला, लेकीला हसवायची त्याची धडपड बघितली आणि विंगेतला म्हणतोय ते दिसलं मला. पण आपल्यावरचा आरोप मी मागे घेणार नाही. अशोक सराफांना महाराष्ट्र भूषण मिळाला, 2025 ला पद्मश्री मिळाली, मनापासून आनंद झाला, आणि त्याच क्षणी वाटलं की लक्ष्या असता तर आज सत्तरी ओलांडलेली असती, साठीतल्या लक्ष्याने कसला म्हातारा रंगवला असता! आपल्याला विनोदी नट मोठा वाटायला त्याने म्हातारं व्हावं लागतं, आणि याला ते जमलं नाही. हे माहितीपटात कुणीतरी बोललंच पाहिजे.

कोल्हापुरी_जाळ:
बोलू दे की. पण बोलणारा प्रेक्षक पाहिजे, मोठी माणसं नकोत. शिट्ट्या मारणाऱ्यांनाच माईक द्या.

विंगेतला_पोऱ्या:
आणि नाटकं? सिनेमे सापडतील कुठेतरी. 'शांतेचं कार्टं चालू आहे'मध्ये तो आणि सुधीर जोशी समोरासमोर आले की प्रेक्षागृह डोक्यावर घ्यायचं, पण प्रत्येक प्रयोग वेगळा व्हायचा, आज घेतलेली जागा उद्या घेईलच असं नाही. कॅसेटवर एक प्रयोग राहतो, बाकीचे बघणाऱ्यांच्या डोक्यातच. 'टूरटूर'चे पहिले प्रयोग बघितलेली माणसं आता साठीच्या पुढची आहेत. तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये कुणी असेल तर मोबाईल समोर ठेवून बोलतं करा, तारीख आठवली नाही तरी चालेल, कुठल्या वाक्याला हसलो तेवढं विचारा.

पार्वतीची_मैत्रीण:
माझी आत्या आहे. गिरगावातच वाढलेली. रविवारी जातेय तिच्याकडे, विचारते.