तंत्रज्ञानावरची पुस्तकं: आधी आयोवा की आधी पांझरा?

पांझराकाठ

आमच्या वाचनगटाने यंदा 'तंत्रज्ञान आणि समाज' हा विषय घेतला आहे. ठरलेली यादी अशी: नवी गोष्ट समाजात कशी पसरते यावरचं एव्हरेट रॉजर्स यांचं 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' (१९६२), लँग्डन विनर यांचं 'द व्हेल अँड द रिअ‍ॅक्टर' (१९८६), आणि असेमोग्लू-जॉन्सन यांचं 'पॉवर अँड प्रोग्रेस' (२०२३). तिन्ही अमेरिकेत बसून लिहिलेली. वाचायला माझी हरकत नाही, पण सुरुवात तिथून करायला आहे.

साक्री-धुळ्याकडे पांझरेवर काही शतकं फडपद्धती चालली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या. भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार फड पाडायचे आणि एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचं. कुठल्या फडात ऊस, कुठल्या फडात हंगामी पीक, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. शेतकऱ्याचा तुकडा बहुतेक प्रत्येक फडात असल्यामुळे उसाचा पैसा वाटला जायचा आणि पाणी आटलं तर झळही. शेतात पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, मालकाने बारे, म्हणजे शेताकडे पाणी सोडायची तोंडं, उघडायचे नाहीत. आता सांगा, यात तंत्रज्ञान कुठलं? बंधाऱ्याचा दगड, की बैठकीत ठरलेला नियम? वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर पंप बसले, तेव्हा बहुतेक ठिकाणी नियम आधी मोडला. कित्येक बंधारे अजून उभे आहेत.

म्हणून मी म्हणते, आधी फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) घ्या. पावसाचं पाणी शेतात मुरावं म्हणून ताली-बंधारे कसे घालावेत हेही त्यात आहे आणि विलायतेच्या यंत्रावर निघालेल्या मालाने इथल्या कारागिराचं काय केलं हेही. ते पचलं की मग रॉजर्सकडे जाऊ.

भुसावळ_पुणे_भुसावळ

ताई, पूर्ण असहमत. रॉजर्स अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांना ट्रॅक्टरसारखी यंत्रं आवडायची, पण संकरित मक्याचं बियाणं त्यांनी कित्येक वर्षं घेतलं नाही. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि यांचा वाळला. त्यांच्या पुस्तकाचा पाया म्हणजे रायन आणि ग्रॉस यांनी आयोवातल्या शेतकऱ्यांवर केलेला, १९४३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास: नवं बियाणं कुणी आधी घेतलं, कुणी कुणाचं बघून घेतलं. हे परकं वाटतं तुम्हाला? आपल्याकडे २००२ साली बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या जनुक-बदललेल्या वाणाला, परवानगी मिळाल्यावर पारावर, कृषी सेवा केंद्रात नेमकं हेच चाललं होतं.

पुस्तक कुठे जन्मलं यावर त्याचा उपयोग ठरत नाही. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली आणि बंगळूरहून सॉफ्टवेअर विकू लागली. तिच्या इंजिनिअरांना कुणी विचारत नाही की आधी अमळनेर समजून घेतलंत का.

आणि फडाबद्दल एक प्रश्न विचारतोच, राग मानू नका. बैठकीत बसायचं कोण? ज्याची जमीन तो. भूमिहीनाला त्या पाण्यात काय होतं?

पांझराकाठ

काही नव्हतं. हाच प्रश्न रॉजर्सच्या मक्यालाही विचारा, एवढंच म्हणेन. त्या अभ्यासात शेतकरी आहेत. त्यांच्या शेतात राबणारे कुठे आहेत?

मृगबाग_रावेर

दोघांचं वाचलं. पुस्तकातून बाहेर या थोडं.

मी केळीवाला. कंदावर लावलेली बाग कापणीला यायला दीड वर्ष लागायचं, टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप ११-१२ महिन्यांत घड देतं. पूर्वी पाटाने पाणी भरायचो. लाईट रात्री दोनला आली की रात्री दोनला कांबळं घेऊन बांधावर. आता ठिबकचा कॉक फिरवला की काम झालं, खतही त्याच नळीतून जातं. जळगावात भवरलाल जैन यांनी ठिबक गावोगाव नेलं ते कुठल्या समाजशास्त्रज्ञाला विचारून नाही. ठिबक नसतं तर आमच्या पट्ट्यातली अर्धी केळी केव्हाच गेली असती. आणि २०१६ ला जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

तंत्रज्ञानाने काय बिघडवलं यावर शंभर पुस्तकं मिळतील. त्याने वाचवलं त्यावर एक तरी लावा यादीत.

बोदवडचा_चष्मा

मृगबाग भाऊ, तुमच्यासाठीच एक जुनं पुस्तक सुचवतो. जेव्हन्स, 'द कोल क्वेश्चन', १८६५. वाफेचं इंजिन सुधारत गेलं, तेवढ्याच कामाला कोळसा कमी लागू लागला. मग इंग्लंडचा कोळसा वाचला का? उलट खप वाढला, कारण स्वस्त पडलेलं इंजिन जिथे तिथे बसू लागलं.

आता रावेर-यावल बघा. ठिबकने झाडामागे पाणी वाचलं, मान्य. पण वाचलेल्या पाण्यावर तुम्ही काय केलंत? आणखी केळी लावलीत. सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा म्हणजे पाणी मुरण्याची उत्तम जागा, आणि तरी हेच दोन तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जातात. शिवाय पाटाने भरलेल्या पाण्यातलं काही परत जमिनीत मुरायचं. ठिबकचं ते झाड पिऊन टाकतं.

मृगबाग_रावेर

चष्मा भाऊ, बोअर आणि विहिरी ठिबकच्या आधीपासून खोल चालल्या होत्या. पंपाच्या लाईटला मीटर नव्हता, हॉर्सपॉवरवर ठोक बिल यायचं. कितीही उपसा, बिल तेवढंच. त्याचा दोष नळीवर का टाकता? आणि माझी जमीन आहे तेवढीच आहे. ती सगळी एकदा केळीखाली आली की जेव्हन्स साहेब आणखी कुठे लावणार? तुमचं गणित ज्याच्याकडे कोरडवाहू पडून आहे त्याला लागू.

बोदवडचा_चष्मा

लाईटच्या बिलाचं मान्य. पण तालुका म्हणजे तुमचं एकट्याचं शेत नाही. कोरडवाहू पडून असलेलेच जास्त होते आणि ठिबक बघून केळीत आले तेही तेच.

कापडण्याचा_गडी

या पुस्तके मराठीमा शेतस का? नहीतं आम्ही काय फक्त तुमना भांडणं वाचाना?

पांझराकाठ

भाऊ, असूड मराठीच आहे! बाकीच्यांचं एकेक प्रकरण गटातलं कुणीतरी मराठीतून सांगणार असं ठरलंय.

शहादा_तळोदा_रोड

रॉजर्सबद्दल माझी हरकत वेगळी आहे. त्यांचे पाच गट प्रसिद्ध आहेत: सर्वांत आधी घेणारे अडीच टक्के, मग साडेतेरा, मग चौतीस, चौतीस, आणि शेवटचे सोळा टक्के, ज्यांना ते 'लॅगार्ड' म्हणतात, म्हणजे रेंगाळणारे. सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे: घ्यायचं की नाही हे माणूस ठरवतो.

२९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक आमच्या शहादा तालुक्यात, टेंभलीला दिला गेला. पंतप्रधान आले होते. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यातलं गाव देशात सगळ्यांत आधी, म्हणजे रॉजर्सच्या हिशेबात एकदम अडीच टक्क्यांत! कुणी ठरवलं होतं? पुढे रेशनच्या दुकानात यंत्र आलं आणि आता आजीचा अंगठा उमटत नाही. आयुष्यभर खुरपं-विळा धरून रेषा झिजल्यात. दुकानदार तेल लावून बघतो, पुसून बघतो, मग 'उद्या या' म्हणतो. आजीला मी कुठल्या गटात टाकू? ती रेंगाळत नाहीये, सकाळी सातपासून रांगेत उभी आहे.

म्हणून यादीत विनर पहिला हवा. वस्तूची रचना करतानाच कुणाचं सोपं होणार आणि कुणाचं अवघड हे ठरून जातं, असं तो म्हणतो. अंगठा वाचणारं यंत्र कुठला हात डोळ्यांसमोर ठेवून बनवलं, ते आजीला बघून कळतं.

भुसावळ_पुणे_भुसावळ

मुद्दा जोरदार आहे. तरी रॉजर्सवर थोडा अन्याय होतोय. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी स्वतःच लिहिलंय की या अभ्यासांना नवं ते चांगलंच असं धरून चालायची खोड आहे, आणि न घेणाऱ्यालाच दोष द्यायचीही. गुलाबी बोंडअळी २०१७ ला आली तेव्हा आपल्याकडे काय ऐकलं? शेतकऱ्याने फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक शेतात ठेवलं, अळीला बीटी पचू नये म्हणून कडेला लावायच्या बिगर-बीटी ओळी लावल्या नाहीत, त्याचीच चूक. जगात बहुतेक ठिकाणी बीटी सरळ वाणात आहे. भारतात ते जवळजवळ सगळं संकरित वाणात आलं, त्यामुळे पाकीट दरवर्षी विकत, आणि पीक लांब चालणारं, म्हणजे अळीलाही मुक्काम लांब. हे शेतकऱ्याने ठरवलं नव्हतं. बघा, रॉजर्स वाचूनच मी तुमच्या बाजूने बोलतोय.

विनरचं म्हणाल तर त्यातलं टोमॅटोचं उदाहरण वाचाच. कॅलिफोर्नियात विद्यापीठातल्या संशोधकांनी टोमॅटो काढणीचं यंत्र बनवलं. यंत्राला सोसेल असा कडक, चवीला कमी टोमॅटो मग मुद्दाम पैदा केला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ४००० टोमॅटो उत्पादक होते, १९७३ ला ६०० च्या आसपास उरले. काढणीची हजारो कामं गेली. कुणी कट केला नव्हता, असं विनर स्वतः म्हणतो. आता आपल्याकडे कापूस वेचणीच्या यंत्राची चर्चा आहे. त्यालाही बुटकं, दाट लावलेलं, एकदम फुटणारं झाड लागतं.

मृगबाग_रावेर

येऊ द्या यंत्र. माझ्या भावाचा कापूस आहे. दिवाळीत बोंडं फुटून लोंबतात आणि वेचायला माणूस मिळत नाही. एक पाऊस झाला की माल पिवळा, भाव गेला. यंत्र आलं तर भाऊ पहिल्या अडीच टक्क्यांत असेल, लिहून ठेवा.

चोपड्याची_लेक

मृगबाग दादा, माणूस मिळत नाही म्हणता, पण वेचायला माणूस जातच नाही. बाया जातात. माझी आई जाते. किलोमागे पैसे, दिवसभर कमरेला ओटी बांधून वाकायचं, बोटांना बोंडाची टोकं लागून चिरा. कुणी मला विचारलं की हे काम टिकावं का, तर मी नाही म्हणेन. त्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची.

पण यंत्र घेणार कोण? असेमोग्लू-जॉन्सनचं पुस्तक मी अर्धं वाचलंय आणि मला त्यातलं एवढंच हवं होतं: यंत्र कुठल्या दिशेने बनवायचं हे आपोआप ठरत नाही. माणसाला काढून टाकणारं मोठं यंत्र निघू शकतं, तसं आईच्या हातात धरता येईल आणि ती दिवसाला जास्त वेचेल असं छोटंही. दुसऱ्या प्रकारचं निघालं, तर ते बचत गटाच्या नावावर घेता येईल का, आणि वेचणीचा दर तेव्हा किलोमागे किती पाडतील, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. फडाच्या बैठकीत आई नसती आणि यंत्राच्या मीटिंगमध्येही नाही, म्हणून पांझराताईंचा फड मला तितकासा जवळचा वाटत नाही. असूड मात्र ठेवा.

आणि गटाच्या बैठका वेचणीच्या दिवसांत घेऊ नका. टोमॅटोचं प्रकरण मी आईला सांगितलंय, तिला बोलायचं आहे त्यावर.