मदत हवी आहे: कारकुनाला सुचलेली सुधारणा कार्यालयात टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात एका महसूल कार्यालयात जातीच्या दाखल्यांच्या टेबलावर आहे. पद महसूल सहायक, म्हणजे पूर्वीचा कारकून.

बारावीचा निकाल लागला की रांग लागते, आणि कितीतरी अर्ज एकाच त्रुटीत अडकतात: पुरावा मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या-त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेच्या, आधीचा नसतो. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. लोक वडिलांची अलीकडची टीसी आणतात. आजोबांची कोतवाल पंजीतली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली) नोंद किंवा शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा शोधायचा, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. लोकसेवा हक्क कायद्याची (2015) मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात, म्हणून पोरांचे हे वाया गेलेले दिवस कुठल्याच तक्त्यात येत नाहीत. एक आई म्हणाली होती, "मॅडम, हे आधीच सांगतलं असतं तं दोन चकरा कायले झाल्या असत्या?" ते मनातून जात नाही.

म्हणून गेल्या वर्षी खिडकीशेजारी मोठ्या अक्षरांत फलक लावला: या चार तारखा, आणि कोणता जुना कागद कुठे मिळतो. शिवाय अर्ज घेतानाच सर्वांत जुन्या पुराव्याची तारीख पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहू लागले. कमी काय आहे ते माणूस समोर असतानाच कळायचं. साहेबांची तोंडी परवानगी होती.

मे महिन्यात त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी विचारलं, "हा फलक कोणत्या आदेशानं?" ऐन गर्दीत तो उतरला. त्यांचंही अगदी चूक म्हणणार नाही. भिंतीवरच्या कागदाचा उद्या कोणी नियम करून लोकांना अडवू शकतो. शेजारच्या टेबलावरून मात्र "काम वाढवून ठेवलं" हे ऐकावं लागलं, ते जास्त लागलं.

कार्यालयीन सुधारणांबद्दल वाचायला गेलं की अहमदनगरचा (आताचं अहिल्यानगर) लखिना पॅटर्न सापडतो, पुण्याची झिरो पेंडन्सी (एकही काम प्रलंबित न ठेवण्याची मोहीम) सापडते. पण अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते, चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त. आदेश त्यांच्या सहीनं निघत. माझ्या सहीनं काय निघतं?

तर विचारायचं हे. या प्रस्तावाची टिपणी माझ्या वरच्या अव्वल कारकुनांमार्फतच सादर करायची, की साहेबांना आधी भेटून बोलायचं? फलकाऐवजी तपासणी सूची म्हणून मांडलं तर मंजुरी सोपी जाईल का? राजीव गांधी प्रशासकीय गतिमानता अभियानात तुमच्यापैकी कोणी कारकुनी टेबलावरून प्रस्ताव पाठवला आहे का? आणि मंजुरी मिळाली तरी पुढच्या बदलीनंतर ती चालू राहावी म्हणून काय केलंत?

कोणाकडे अशा टिपणीचा नमुना असेल तर नावं खोडून इथे टाका. दिवाळीआधी सादर करायची आहे. डिसेंबरात इथे हिवाळी अधिवेशन सुरू झालं की आमदारांचे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना यांच्यापुढे दुसरी कुठलीही नस्ती (फाइल) हलत नाही.