मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक : छापताना कोणाला काय म्हणावं?

दौतटाक
आरोग्यपुस्तिकेच्या एका मसुद्यात सायकियाट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि कौन्सेलर, तिघांनाही ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हटलंय. बोलण्यात खपून जातं, छापावं का? आणि ‘क्लिनिकल’ला नैदानिक की चिकित्सालयीन?

हरितृण
छापू नका. पुस्तिका वाचून माणूस कोणाचं दार ठोठावणार ते याच शब्दावर ठरतं.

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. माझं मत ‘मनोविकारतज्ज्ञ’ला. औषधं लिहिणं आणि त्यांचे शरीरावरचे परिणाम सांभाळणं ही जबाबदारी त्याची. उदाहरणार्थ, लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) चालू असेल तर शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त घेऊन त्यातली औषधाची पातळी बघतात. शिवाय थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या अधूनमधून. सकाळची गोळी घेऊन लगेच रक्त दिलं की आकडा फुगतो आणि डोस विनाकारण कमी केला जाऊ शकतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भारतात औषध लिहून देत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पात्रता हवी. बरीच वर्षं नेहमीचा मार्ग होता मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम करून. गोम इथेच आहे. परिषदेची मान्यता नसलेल्या एम.ए.च्या नावात ‘क्लिनिकल’ असलं तरी तेवढ्यावर भागत नाही. पुस्तिकेत ‘सीआरआर क्रमांक विचारा’ एवढी ओळ घाला. परिषदेच्या नोंदवहीतला तो क्रमांक असतो.

बोरूबहाद्दर
मनोविकारतज्ज्ञाला माझा विरोध आहे. ‘विकार’ वाचून लोक दारातूनच परततात, आणि डॉक्टर स्वतःच पाटीवर ‘मानसोपचारतज्ज्ञ’ लिहितात. रूढ शब्द ठेवा, पहिल्या उल्लेखात ‘मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर’ करा.

‘नैदानिक’ हिंदी परिभाषेच्या वळणाचा. मराठी कानाला त्यात फक्त निदान ऐकू येतं, पण हा माणूस निदान करून थांबत नाही. मंत्रचळाचंच (ओसीडी) घ्या. वारंवार हात धुणाऱ्या रुग्णाच्या भीतीची उतरंड तो आधी लिहून काढतो, सर्वांत सोप्या पायरीपासून सुरुवात करतो, दाराच्या कडीला हात लावायला सांगतो आणि घालमेल आपोआप ओसरेपर्यंत हात धुवू देत नाही. घरचे मायेपोटी ‘धू बाबा एकदा’ म्हणाले की केलेलं काम वाया. याला निदान कोण म्हणेल? ‘चिकित्सालयीन’ तर इमारतीचं विशेषण वाटतं. ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ बरा.

पाटीपूजन
चाचण्यांचा भागही त्याच पुस्तिकेत असेल, तर तिथला घोळ आधी निस्तरा. बुद्ध्यांक काढणं समुपदेशकाचं काम नाही. आपल्याकडे बिने-कामत चाचणी चालते, व्ही. व्ही. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली होती. हिशेब सोपा : मानसिक वयाला (चाचणीत मूल ज्या वयाइतकं उतरतं ते) प्रत्यक्ष वयानं भागून शंभरनं गुणायचं. मानसिक वय ६, प्रत्यक्ष वय १०, तर बुद्ध्यांक ६०, म्हणजे सौम्य बौद्धिक दिव्यांगत्वाच्या ५० ते ६९ या पट्ट्यात. पण नुसत्या आकड्यावर शिक्का मारत नाहीत; जेवणं, कपडे घालणं, एकट्यानं दुकानात जाणं यांची सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टीही लावतात. मूल उपाशी असेल, गुंगीचं औषध नुकतंच सुरू झालं असेल किंवा चाचणी घरच्या भाषेत नसेल, तर आकडा खाली येतो. तीच चाचणी थोड्याच महिन्यांत पुन्हा घेतली, तर सरावानं वर जातो. म्हणून अहवालात चाचणीचं नाव, तारीख, भाषा आणि घेणाऱ्याचा सीआरआर क्रमांक हवाच.

हरितृण
समुपदेशकाची व्याख्या २०१७ च्या कायद्यात नाहीच. शाळा, लग्न, नोकरी, शोक यांत त्याचा उपयोग मोठा. पण भास, आत्महत्येचे विचार किंवा दिवसचे दिवस झोप नाही असं दिसलं, तर त्यानं डॉक्टरकडे पाठवायचं असतं. ‘सल्लागार’ मात्र करू नका. सल्ला देत सुटणं हेच वाईट समुपदेशनाचं लक्षण.

मसुद्यात चौथा माणूस दिसत नाही : सायकियाट्रिक सोशल वर्कर. सरकारी पदनाम ‘समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती)’. घरभेट, कुटुंबाशी बोलणी, रुग्णालयातून सुटल्यावरचा पाठपुरावा, दिव्यांग प्रमाणपत्राची कागदपत्रं, सगळं याच्याकडे. पुस्तिकेत ‘मनोसामाजिक कार्यकर्ता’ लिहा. ‘मनोविकृती’ आता कानाला टोचतं.

दौतटाक
मग ‘मेंटल हेल्थ प्रोफेशनल’चं ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ करू ना?

बोरूबहाद्दर
करा, पण कायद्यात त्याची व्याप्ती रुंद आहे, हे ध्यानात ठेवा. मनोविज्ञान आणि मानसरोग विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेले आयुर्वेदाचे वैद्यही त्यात बसतात. आणि मसुदा अमेरिकी मजकुरावर बेतलेला असेल, तर ‘मानसशास्त्रज्ञ औषध देतात’ हे वाक्य तपासा. न्यू मेक्सिकोनं २००२ मध्ये आणि लुइझियानानं २००४ मध्ये जादा प्रशिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञांना तशी मुभा दिली. मराठी पुस्तिकेत ते वाक्य जसंच्या तसं गेलं, तर वाचक चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे गोळ्या मागायला जाईल.